आईच्या पायाला तीन किलो

स्वयंपाकघरातली वरची फळी वर सरकली आहे, असं आई दोन वर्षं सांगत होती.

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा समजूत घातली. तिसऱ्यांदा ती शेजारच्या सुगंधाबाईंसमोर म्हणाली, तेव्हा मात्र मी कपाटातून मोजपट्टी काढली. मी विमा कचेरीत हजेरी विभागाचा हेडक्लार्क आहे. माझा ऐकीव गोष्टींवर विश्वास नाही, नोंदीवर आहे. एकसष्ट साली आम्ही मुलुंडच्या या सोसायटीत राहायला आलो तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईला भिंतीशी उभं करून, तिचा हात वर करायला लावून, तिथं पेन्सिलीची खूण केली होती आणि सुताराकडून फळी ठोकून घेतली होती. वर सवयीप्रमाणे वहीत नोंद : जमिनीपासून पाच फूट आठ इंच. मी स्टुलावर चढलो, माप घेतलं. पाच फूट आठ इंच. दोन्ही आकडे मोठ्यानं वाचून दाखवले आणि म्हटलं, "आई, फळी एक सूतसुद्धा हललेली नाही."

"तुझं माप बरोबर असेल," आई म्हणाली, "पण फळी वर गेलीय."

आता अशा बाईशी वाद कसा घालायचा, तुम्हीच सांगा. बरं, तक्रार एकच असती तर गोष्ट वेगळी. तिचं दुसरं म्हणणं असं, की खालच्या शिवदासच्या किराणा दुकानातली दोन किलो साखर हल्ली डब्यात गळ्यापर्यंत येत नाही. पूर्वी झाकण लावताना दाबावं लागायचं, आता वर बोटभर डबा रिकामा राहतो. मी सांगितलं, साखरेचा दाणा हल्ली बारीक यायला लागलाय, तो दाटून बसतो. हे शास्त्र मी त्याच क्षणी तयार केलं होतं, पण हेडक्लार्कला काहीतरी कारण द्यावंच लागतं. थोडक्यात, आमच्या घरात फळी वर चालली होती, साखर खाली चालली होती आणि मी मोजपट्टी घेऊन मध्ये उभा होतो. माझी बायको अनुपमा एवढंच म्हणाली, "अहो, आई रोज त्या फळीशी असतात. तुम्ही वर्षातून एकदा." तिचं म्हणणं मी नोंदवून घेतलं नाही.

त्यानंतर मात्र आई फळीबद्दल बोलेनाशी झाली. मला वाटलं, पटलं तिला.

पंच्याऐंशी साली, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दाढी करत असताना आई साखरेचा डबा काढायला स्टुलावर चढली. त्याच स्टुलावर, ज्यावर चढून मी माप घेतलं होतं. उंची दीड फूट. डबा पडल्याचा मोठा आवाज झाला, आई पडल्याचा झालाच नाही. मी अर्ध्या तोंडाला साबण तसाच घेऊन धावलो, तर ती साखरेत आडवी, डावा पाय भलतीकडे वळलेला, आणि मला म्हणतेय, "आधी साखर भर. मुंग्या लागतील."

नर्सिंग होममध्ये फोटो काढला. हाडांचे डॉक्टर माणिक दिघे यांनी तो उजेडासमोर धरला. मांडीचं हाड वर खुब्याकडे वळतं, नेमकं तिथं मोडलं होतं.

"मोडलेली जागा सोडा," डॉक्टर म्हणाले, "बाकीचं हाड बघा. जुन्या धोतरासारखं विरलंय."

"दीड फुटावरून पडली हो फक्त. एवढ्यानं मोडतं?"

"कधी कधी उलटंच असतं. पडतात म्हणून मोडत नाही, मोडतं म्हणून पडतात. हाड म्हणजे दगड नव्हे, केळुसकर. जिवंत असतं ते. रोज थोडं पाडकाम चालू, रोज थोडं बांधकाम चालू. पाडणारे वेगळे, बांधणारे वेगळे. तरुणपणी दोघांचं जमतं. बाईची पाळी गेली, वय झालं, की पाडणारे दुप्पट जोरात आणि बांधणारे आरामात. दहा-वीस वर्षं असं चाललं की इमारत बाहेरून तशीच दिसते, आतून पोकळ."

मी हजेरी विभागातला माणूस. वैद्यकशास्त्र मला इतक्या स्वच्छ भाषेत आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "बांधणाऱ्यांना मेमो देता येत नाही का?"

"दूध, नाचणी, कॅल्शियमच्या गोळ्या, सकाळचं ऊन. हेच मेमो. पण या वयात ते फारशी दाद देत नाहीत."

खिळा घालून ऑपरेशन करायचं, तर हृदयाच्या डॉक्टरांनी भूल द्यायला परवानगी नाकारली. मग एकच रस्ता उरला. पायाला वजन लावून तो दहा आठवडे ताणून ठेवायचा. नर्सिंग होमला खाटा आठ, त्यात दहा आठवडे एक खाट कोण देणार? "घरीच करू," डॉक्टर म्हणाले. "पायाला चिकटपट्टी मी लावतो. तुम्ही दोरी, कप्पी आणि तीन किलो वजन आणा. खाटेच्या पायथ्याखाली विटा घाला. वजनाला काय, एक वीट टांगली की झालं. मात्र ते क्षणभरही काढायचं नाही. पाय सुटला की हाड सरकलंच." मग बाहेर जिन्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "आणि त्यांना रोज बसतं करा, पाठ पुसा, खोकायला लावा. या वयात माणसं हाडानं जात नाहीत, केळुसकर. अंथरुणानं जातात."

आत आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाले रे बाहेर?"

"नाचणी खा म्हणाले."

मी घाबरलो होतो, हे इथं सांगून टाकतो. दादा गेले तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. आणि मी घाबरलो की मला मोजमाप सुचतं.

वीट टांगा म्हणे! वीट म्हणजे किती? एक वीट अडीच किलोची, दुसरी तीनची. कुणी भाजलेली, कुणी कच्ची. माझ्या आईचा पाय अंदाजपंचे ताणायचा? तीन किलो म्हणजे तीन किलो. तराजूत घालायची लोखंडी वजनं असतात, ज्यांच्या बुडाला शिशाचा ठिपका असतो आणि त्यावर सरकार दरवर्षी शिक्का मारतं, तशी मला हवी होती. मी तडक शिवदासच्या दुकानात गेलो आणि दोन किलोचं एक आणि एक किलोचं एक अशी वजनं दहा आठवड्यांसाठी मागितली.

शिवदासनं आईची चौकशी केली, हळहळला, आणि म्हणाला, "साहेब, वजनं कशाला? मागे विटा पडल्यात, पाहिजे तेवढ्या न्या."

"वीट नको. मला शिक्क्याचं वजन हवंय."

"मग एक-एक किलोची तीन देतो ना. दोन किलोचं राहू द्या."

"एक किलोची तीन दिलीस तर तू विकणार कशानं?" मी उदारपणे म्हटलं. "दोन किलोचंच दे." आणि वजन हातात घेऊन, उलटं करून, चष्मा वर सारून मी बुडाचा शिक्का तपासला. शिवदासचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्या चोखपणाचा दरारा. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते मला पुढं चार आठवड्यांनी कळलं.

खाट लावण्याचा समारंभ सगळ्या मजल्यानं मिळून केला. कप्पी लावायला खिडकीचे गज सोयीचे, म्हणून आईचे पाय मी खिडकीकडे केले. डॉक्टर चिकटपट्टी लावून गेले आणि मी दोरीला गाठ मारणार, इतक्यात सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव दारात उभे राहिले. त्यांनी खिडकीतून सूर्य कुठं आहे ते पाहिलं आणि किंचाळलेच, "केळुसकर! दक्षिण! आईचे पाय दक्षिणेला करताय?"

यमाची दिशा! जिवंत माणसाला दक्षिणेकडे पाय करून निजवत नाहीत हे मलाही ठाऊक होतं, पण दक्षिणेलाच खिडकी ठेवली ती सोसायटीच्या आर्किटेक्टनं. मी म्हटलं, गज तिकडंच आहेत. जयवंतराव म्हणाले, "गज महत्त्वाचे की आई?" असा प्रश्न विचारला की माणूस संपतो. मग खाट फिरवायची ठरली. खाट फिरवायला कपाट हलवावं लागलं, कपाट हललं तर बेडरूमचं दार निम्मंच उघडेना, आणि कप्पी अडकवायला उत्तरेच्या भिंतीत खुंटी ठोकली तर पलीकडच्या सुगंधाबाईंच्या देवघरातला सत्यनारायणाचा फोटो खाली आला. त्या तो हातात घेऊनच आल्या.

"भावजी, माझो देव पाडलास," त्या म्हणाल्या आणि खाटेकडे बघून फोटोचं विसरूनच गेल्या. "हां काय मांडलास? कोंबडी टांगल्यासारखी काकीक टांगून ठेवलास? आमच्या कुडाळाक हाडवैद आसा. पाटावर पाय घेता, एक झटको देता, काम खलास. माझी आत्ये तिसऱ्या दिसाक विहिरीवर गेली."

"सुगंधाबाई, तुमच्या आत्याचा पाय मुरगळला होता. आईचं हाड मोडलंय."

"तां तुमका काय म्हायत? तुम्ही होतास थंय?"

नव्हतो, हे मान्य करावं लागलं. त्यांनी आईच्या पायाला चुना आणि हळद लावायची मागणी केली. ती मी फेटाळली. खारकेची पूड दुधातून द्यायची म्हणाल्या. ती मान्य केली, कारण पुडी त्यांनी आणलीच होती. दार निम्मंच उघडत असल्यामुळं सुगंधाबाईंना बाहेर पडताना आडवं व्हावं लागलं आणि तो अपमान त्यांनी माझ्या खात्यावर टाकला.

त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे प्रदर्शन झालं. आईनं शिवलेल्या रेशनच्या कापडी पिशवीत ती दोन वजनं, पिशवी दोरीला, दोरी कप्पीवरून आईच्या पायाला. जो यायचा तो आईची विचारपूस करायच्या आधी पिशवीला हात लावून बघायचा. कुणी म्हणे कमी आहे, कुणी म्हणे जास्त. कुणीतरी उगाच एक झोका देऊन बघितला. शेवटी मी कार्डबोर्डवर पाटी लिहून लावली : 'वजनास हात लावू नये. एकूण वजन ३ किलो (सरकारमान्य).' आईनं ती वाचायला मागितली. वाचून म्हणाली, "खाली लिही, प्रवेश मोफत."

दिवस जात होते. अनुपमा सकाळी आईला बसती करायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. मी कचेरीत जायच्या आधी तिला दहा वेळा खोकायला लावायचो आणि मोजायचो. आई सुरुवातीला चेष्टा करायची. तिसऱ्या आठवड्यात चेष्टा कमी झाली. चौथ्या आठवड्यात ती भिंतीकडे बघत पडून राहायला लागली. नाचणीची वाटी तशीच परत यायची. मी विचारलं, "आई, दुखतंय का?" तर म्हणे, "नाही रे. कंटाळा आला." माझी आई आणि कंटाळा! माझ्या उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. डॉक्टरांचं ते जिन्यातलं वाक्य माझ्या कानातून जाईना.

त्या शनिवारी दुपारी मी कचेरीतून येऊन पानावर बसतोय तोच दारावर थाप पडली. बाहेर शिवदास, घामाघूम, हातात दुकानाचा तराजू. त्याच्या मागे सफारी घातलेले, बगलेत चामडी बॅग धरलेले एक गृहस्थ. त्यांच्या मागे अर्थातच जयवंतराव.

"मी अंबादास पाटोळे. वजनमापे निरीक्षक," गृहस्थ म्हणाले. "या दुकानदाराच्या नोंदीत दोन किलोचं एक वजन आहे, दुकानात नाही. मी विचारलं कुठंय, तर म्हणतो, तिसऱ्या माळ्यावर एका आजीबाईंच्या पायाला. वीस वर्षं या नोकरीत आहे. हरवलं, चोरीला गेलं, विहिरीत पडलं, सगळं ऐकलं. हे नवीन होतं. म्हटलं, बघून यावं."

मी त्यांना आत नेलं. पाटोळ्यांनी चपला बाहेर काढल्या, आडवे होऊन दारातून शिरले आणि खाटेसमोर उभे राहिले. पाटी वाचली. 'सरकारमान्य' या शब्दावर त्यांची नजर थोडी रेंगाळली.

"आजी, नमस्कार," ते म्हणाले. "आपल्या पायाचं वजन तपासायचं होतं."

"तपासा," आई म्हणाली. "चार आठवड्यांत मला न विचारता हात लावणारे खूप झाले. विचारणारे तुम्ही पहिलेच."

पण तपासायचं तर काढावं लागणार, आणि काढायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. मी पिशवीसमोर हात पसरून उभा राहिलो. म्हटलं, माझ्या प्रेतावरून जावं लागेल. पाटोळे म्हणाले, कायद्याने त्यांना वजन ताब्यात घ्यावंच लागेल. मी म्हटलं, कायद्याला आई नसते का? जयवंतराव म्हणाले, सोसायटीच्या बायलॉजमध्ये याबद्दल काहीच नाही. तेवढ्यात आवाज ऐकून सुगंधाबाई आल्या आणि काही न कळताच शिवदासला रागवायला लागल्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली.

"मार्तंड," आई खाटेवरून म्हणाली, "जयवंतला दोरी हातात धरू दे. पिशवी काढ. एवढी माणसं आहात, तीन किलो ओढून धरता येत नाही?"

सेक्रेटरी झाल्यापासून जयवंतरावांनी सोसायटीसाठी काही ओढून धरल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि भिंतीला पाय लावून उभे राहिले. पाटोळ्यांनी बॅगेतून पितळेची चकचकीत वजनं काढली. शिवदासनं तराजू उचलला. एका पारड्यात सरकारी पितळ, दुसऱ्यात आमचं लोखंड.

लोखंडाचं पारडं वर गेलं.

पाटोळ्यांनी आमच्या बाजूला बारीक वजनं टाकायला सुरुवात केली. पन्नास. शंभर. एकशेदहाला काटा मधोमध आला. त्यांनी वजन उलटं केलं, बुडाचा शिक्का नखानं टोकरला. वरती शिशाचा पापुद्रा, त्यावर शिक्का, आणि आत सगळी लाख भरलेली.

"बाहेरून शिक्का, आतून पोकळ," पाटोळे म्हणाले.

"साहेब, आईशप्पथ, दुकान घेतलं तेव्हा ही वजनं दुकानाबरोबर आली," शिवदास म्हणाला. "मला दोन वर्षांमागे कळलं. बदलीन बदलीन म्हणताना राहून गेलं." त्याला बिचाऱ्याला खोटंही नीट बोलता येत नव्हतं.

आणि मग आमच्या खाटेवरून एक आवाज आला. आई हसत होती. चार आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसता तिला खोकला आला, आणि कुणी न सांगता ती दहाच्या वर खोकली. "दोन किलो साखर!" ती म्हणाली. "डब्यात बोटभर कमी! काय रे मार्तंड? दाणा बारीक झालाय ना?"

पाटोळ्यांनी पंचनामा लिहायला घेतला. पंच म्हणून सुगंधाबाई आणि जयवंतराव. त्यातले जयवंतराव दोरी सोडू शकत नव्हते म्हणून त्यांची सही शेवटी घ्यायची ठरली. पाटोळे लिहीत गेले आणि मोठ्यानं वाचत गेले : "...सदरहू दोन किलोचे लोखंडी वजन श्रीमती रुक्मिणी विश्राम केळुसकर, वय वर्षे एकोणसत्तर, यांच्या डाव्या पायास कापडी पिशवीत टांगलेल्या स्थितीत मिळून आले. सदर बाई शुद्धीवर असून त्यांची जप्तीस हरकत नाही..."

"अडुसष्ट," आई म्हणाली. "एकोणसत्तर चैत्रात."

खाडाखोड झाली, खाडाखोडीवर सही झाली. एक किलोचं वजन खरं निघालं, पण तेही पाटोळ्यांनी दुकानात परत द्यायला लावलं. आता वजनाचं काय? शिवदास धावत खाली जाऊन एक वीट घेऊन आला. पाटोळ्यांनी ती स्वतः तोलली. दोन किलो सातशे. तीनशे ग्रॅमला काय घालावं यावर चर्चा होऊन अनुपमानं स्वयंपाकघरातून बटाटे आणले. तीन बटाट्यांना काटा बरोबर आला. पाटोळ्यांनी वीट आणि बटाटे पिशवीत घालून दोरीला गाठ मारली, आणि जयवंतरावांनी हात झटकले. "माझी आई अशीच पडली होती," निघताना पाटोळे मला म्हणाले. "आम्ही वीटच लावली होती." मग चपला घालता घालता, "बटाटे मात्र चार दिवसांनी बदला. सुकले की वजन घटतं."

ते गेले आणि मला धडकी भरली. चार आठवडे आईच्या पायाला एकशेदहा ग्रॅम कमी ओढ मिळाली होती! माझ्या अट्टाहासामुळं. विटा फुकट मिळत असताना! जेवण तसंच टाकून मी दिघ्यांचा दवाखाना गाठला आणि एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टर इतके हसले की कंपाउंडर आत डोकावला.

"अहो, एकशेदहा ग्रॅमनं काही होत नाही. कप्पीच तेवढं खाते. म्हणून तर मी वीट म्हणालो." मग डोळे पुसून त्यांनी सहज विचारलं, "बरं, एक सांगा. पडायच्या आधी त्यांची उंची कमी झाल्यासारखी वाटत होती का हो? ही हाडं विरतात तेव्हा पाठीचे मणकेही दबतात. दोन इंच, तीन इंच सहज जातात. बायका बरोबर सांगतात बघा, साडी पायात येते म्हणतात, कपाट उंच झालं म्हणतात. घरचे लक्ष देत नाहीत."

पाच फूट आठ इंच. मी फळी मोजली होती. स्टुलावर चढून मोजली होती, वहीशी ताडून पाहिली होती. आई तिथंच शेजारी उभी होती आणि तिला मोजावं असं मला सुचलं नव्हतं.

घरी येऊन मी आईच्या खाटेजवळ बसलो. म्हटलं, "आई, तू बरोबर होतीस. फळीचं."

"साखरेचं कळलं, तेव्हाच मला वाटलं, आता फळीचंही निघणार," ती म्हणाली. आणि मग, वर कप्पीकडे बघत, "खरं सांगू? तू माप वाचून दाखवलंस ना, त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, माझंच डोकं फिरलंय. मला भास होतात. मग म्हटलं, कुणाला डबा काढून दे म्हणायचं नाही. सगळ्यांना कळेल. म्हणून स्टुलावर चढायचे."

मला रडू आलं. पन्नाशीला टेकलेला हेडक्लार्क आईच्या खाटेच्या कडेला बसून रडतोय, आणि तिच्या पायाला वीट आणि तीन बटाटे. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुरे. पिशवी हलतेय."

त्या दिवसापासून नाचणीची वाटी रिकामी परत यायला लागली. दर चौथ्या दिवशी बटाटे बदलले जात आणि जुन्यांची भाजी होई. ती आई हक्कानं मागून खायची, म्हणे, माझ्या पायाची कमाई आहे. शिवदास नवी वजनं घेऊन स्वतः वर आला आणि तिच्यासमोर दोन किलो साखर तोलून गेला. झाकण दाबावं लागलं. सुगंधाबाईंनी तीन मजल्यांवर सांगितलं की काकी खारकेच्या पुडीनं उठणार. दहा आठवडे झाले, डॉक्टरांनी पट्टी सोडली, फोटो पाहिला आणि म्हणाले, धरलंय. पाय अर्धा इंच आखूड राहिला. "त्या एकशेदहा ग्रॅममुळं?" मी विचारलं. डॉक्टरांनी आईकडे बघितलं आणि दोघं पुन्हा हसले.

मार्चमध्ये ती वॉकर धरून उभी राहिली. पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत, आठवड्यानं दिवाणखान्यापर्यंत. (दार आता पूर्ण उघडतं. कपाट मी एकट्यानं जागेवर नेलं, कंबर धरली, ती गोष्ट वेगळी.) आणि एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला एक हात टेकला आणि दुसरा फळीकडे वर केला. मी मागे उभा होतो. तिचा हात फळीच्या चार बोटं खाली थांबला. एकसष्ट साली दादांनी खूण केली तेव्हा तो थेट फळीपर्यंत पोचत होता.

मी हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला. फळी उतरवली. स्क्रू गंजलेले होते, दोन तुटले, भिंतीचा पोपडा पडला, ते सगळं झालं. मग आईला म्हटलं, "हात धर तसाच वर." आणि तिच्या हाताशी पेन्सिलीनं खूण केली. मोजपट्टी खिशात होती, ती मी काढली नाही.

आईनं खूण बघितली. मग मान हलवली.

"आणखी दोन बोटं खाली घे."

"का? तुझा हात इथं पोचतोय ना?"

"आज पोचतोय," आई म्हणाली. "लहानपणी तुझे सदरे मी वाढत्या अंगाचे शिवायचे की नाही? तशी माझी फळी उतरत्या अंगाची ठोक."

मला ती खूण नीट दिसेना. डोळे पुसून मी दुसरी केली, दोन बोटं खाली. फळी ठोकली. थोडी डावीकडे कललीय, पण डबा घसरत नाही. आणि दादांच्या वहीत, पाच फूट आठ इंचाच्या खाली तारीख घालून लिहिलं : फळी, आईचा हात पोचेल एवढी.